सोनेरी खिळ्याच्या अलीकडे-पलीकडे: उत्तर अमेरिकेतल्या रेल्वेचे टप्पे

घाटवाट

माझं बालपण कर्जतचं. घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागायची तो आवाज घरात ऐकू यायचा, आणि आई त्यावरून वेळ सांगायची. आता चौदा वर्षं सॅक्रामेंटोजवळ राहतो. गेल्या महिन्यात इथल्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या डॉनर पासला दुसऱ्यांदा जाऊन आलो. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

अमेरिकेच्या रेल्वेचा इतिहास म्हटला की एकच तारीख पुढे येते: १० मे १८६९. युटामधल्या प्रोमोंटरी समिट इथे पश्चिमेकडून रूळ टाकत आलेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचं ‘ज्युपिटर’ आणि पूर्वेकडून आलेल्या युनियन पॅसिफिकचं ११९ क्रमांकाचं इंजिन समोरासमोर आलं. सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष लेलँड स्टॅनफर्ड याने सोन्याचा खिळा बसवला आणि तारेने देशभर एकच शब्द गेला, ‘डन’. तो खिळा घणाने ठोकलाच नव्हता. लॉरेलच्या लाकडाच्या स्लीपरला आधीच भोक पाडून ठेवलं होतं, त्यात तो अलगद ठेवला, समारंभ झाल्यावर काढून घेतला आणि तिथे साधा स्लीपर आणि साधे खिळे बसवले. खिळ्यावर तारीखही ८ मे कोरलेली आहे. समारंभ दोन दिवस लांबला, कारण युनियन पॅसिफिकचे डॉ. ड्युरंट वाटेत अडकले होते. पगार थकलेल्या मजुरांनी त्यांचा डबाच अडवून धरला होता.

मला खरा टप्पा त्या खिळ्याच्या पश्चिमेला, डोंगरात दिसतो. थिओडोर जुडा नावाच्या इंजिनियरने सिएरा नेवाडा ओलांडणारी वाट शोधली. १ जुलै १८६२ ला, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकनने पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. सरकारने कंपन्यांना सपाटीला मैलामागे १६,०००, चढावाला ३२,००० आणि डोंगरात ४८,००० डॉलरचे रोखे कर्जाऊ द्यायचे, शिवाय रुळाच्या दोन्ही अंगांना जमीन. ज्या मैदानी जमातींच्या शिकारीच्या मुलखातून रूळ जाणार होते त्यांना कुणी विचारलं नाही. जुडा मात्र काम पाहायला उरला नाही. नोव्हेंबर १८६३ मध्ये, पनामामार्गे न्यूयॉर्कला जाताना लागलेल्या पीतज्वराने तो गेला.

काम प्रत्यक्ष केलं ते चिनी मजुरांनी. सुरुवातीला कंपनीचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. १८६५ पासून मोठ्या संख्येने भरती सुरू झाली आणि ऐन कामाच्या काळात दहा हजारांच्या वर चिनी मजूर होते, म्हणजे सेंट्रल पॅसिफिकच्या दहा माणसांतले आठ-नऊ. डॉनर पासचा समिट टनेल १,६५९ फुटांचा, सात हजार फूट उंचीवर, अस्सल ग्रॅनाइटमध्ये. दोन्ही तोंडांकडून कामाला लागले, पण दिवसाला कसाबसा एक फूट सरकायचा. म्हणून मध्यावर वरून विहीर खणली, तीत उतरून दोन्ही बाजूंना खोदायला सुरुवात केली, म्हणजे एकाच वेळी चार तोंडं चालू. साध्या दारूने दगड फुटेना तेव्हा नायट्रोग्लिसरीन जागेवरच बनवून वापरलं. १८६६-६७ च्या हिवाळ्यात एकामागून एक हिमवादळं आली. माणसं बर्फाखाली बोगदे करून राहायची आणि त्या बोगद्यांतून कामाच्या बोगद्यात जायची. हिमकडे कोसळून मेलेल्यांपैकी काहींची प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर सापडली.

जून १८६७ मध्ये या हजारो मजुरांनी काम थांबवलं. मागणी महिना ४० डॉलरची आणि कमी तासांची. त्यांना तीसेक डॉलर मिळत आणि त्यातून जेवणाचा खर्च स्वतः करायचा. गोऱ्या मजुरांना जेवण कंपनीचं. कंपनीतर्फे बांधकाम पाहणाऱ्या चार्ल्स क्रॉकरने त्यांच्या तळांवर जाणारी शिधासामग्री तोडली आणि आठवडाभरात संप मोडला. ऑगस्टमध्ये समिट टनेलची तोंडं एकमेकांना भिडली.

इथल्या मंडळींना काय वाटतं? तुमच्या लेखी या खंडातल्या रेल्वेचा मोठा टप्पा कोणता?

रानजाई

वाचताना काटा आला. बर्फाखालून कामावर जायचं ही कल्पनाच करवत नाही. ते खायचे काय?

घाटवाट

रानजाई, तांदूळ, सुकी मासळी, सुकवलेले कालव, भाज्या. प्रत्येक टोळीचा स्वतःचा आचारी असायचा. पाणी उकळून चहा करायचा आणि बादल्यांतून कामाच्या जागी पोचवायचा. उकळलेल्या पाण्यामुळे त्यांच्यात पोटाचे आजार कमी होते.

जुनाजाणता

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. १० मे १८६९ ला किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सलग रूळ नव्हते. ओमाहाला मिसुरी नदीवर पूल नव्हता, तो १८७२ मध्ये झाला. तोवर उतारू आणि माल नावेतून पलीकडे जात, हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावर तात्पुरते रूळ टाकत. पश्चिमेलाही सॅक्रामेंटोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंतचा तुकडा त्या दिवशी बाकी होता. सलग रूळ प्रथम जुळले ते कॅन्सस पॅसिफिकचे, कोलोरॅडोत स्ट्रासबर्गजवळ, १५ ऑगस्ट १८७० ला.

आणि दोन महासागर जोडण्याचाच मान द्यायचा तर तो पनामा रेल्वेचा. ती जानेवारी १८५५ मध्ये सुरू झाली. लांबी पन्नास मैलांच्या आतच, पण अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत.

घाटवाट

जुनाजाणता, बरोबर. मिसुरीच्या पुलाचं मी लिहायला हवं होतं. जुडा त्याच पनामाच्या वाटेवर आजारी पडला.

प्रोमोंटरीची आणखी एक गोष्ट. १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरून थेट मार्ग झाल्यावर गाड्या तिकडून जाऊ लागल्या, आणि १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवं म्हणून तिथले जुने रूळच उखडले. आज दिसतात ते स्मारकासाठी पुन्हा टाकलेले.

लोकोशेड

माझं मत वेगळं. सोन्याचा खिळा देखणा आहे, पण रेल्वे माणसांच्या जिवाला जरा कमी महाग झाली ती २ मार्च १८९३ ला. त्या दिवशी अमेरिकेत सेफ्टी अप्लायन्स ॲक्टवर सही झाली.

त्याआधी डबे जोडायला ‘लिंक अँड पिन’ असायचं. एक लांबट कडी, दोन्हीकडच्या खोबणीत घालायची आणि वरून पिन सोडायची. डबा मागून येत असताना माणसाने मध्ये उभं राहून कडी हाताने धरायची. क्षण चुकला की बोटं गेली, पाय घसरला की माणूस गेला. यार्डात नोकरीला आलेल्या माणसाचा अनुभव त्याची किती बोटं शाबूत आहेत यावरून कळतो असं तेव्हा म्हणत. ब्रेकही हातानेच. ब्रेकमन धावत्या मालगाडीच्या टपावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर उडी मारत चाकं फिरवायचा, पावसात, बर्फात, रात्री.

दोन्हीवर उपाय केव्हाच निघाले होते. एली जेनीचं आपोआप जुळणारं कपलर १८७३ चं. दोन वळलेल्या मुठी एकमेकींत अडकाव्यात तसं. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा एअर ब्रेक १८६९ चा, आणि १८७२ मध्ये त्याने तो असा बदलला की गाडी तुटली किंवा नळी फुटली तरी हवा निघून जाताच ब्रेक आपोआप लागावा. दाब कमी झाला की ब्रेक लागतो, वाढला की सुटतो. बिघाड झाला तर गाडी थांबते, पळत सुटत नाही. या एका कल्पनेपुढे मी आजही नतमस्तक आहे. पण खर्च नको म्हणून कंपन्यांनी वीस वर्षं टाळाटाळ केली. आयोवाचा लोरेन्झो कॉफिन नावाचा शेतकरी गावोगाव, सभांतून, संसदेच्या दारात हा विषय मांडत राहिला, तेव्हा कुठे कायदा झाला.

माझे वडील शंटिंगला होते. आपल्याकडे स्क्रू कपलिंग, दोन बफरांच्या मधून वाकून आत शिरायचं आणि कपलिंग टाकायचं. रात्रपाळीला गेले की ते परत येईपर्यंत आई जेवत नसे. आज आपल्या मालगाड्यांना आणि नव्या पद्धतीच्या एलएचबी प्रवासी डब्यांना सेंटर बफर कपलर असतं. ते जेनीच्याच घराण्यातलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथे उभा होतो.

मीनल

लोकोशेड, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. माझे मामा गार्ड होते. ती काही बोलली नाही, फक्त “पुन्हा वाच” म्हणाली.

पाऊलखुणा

लोकोशेड यांना पूर्ण अनुमोदन. त्यात मी १८ नोव्हेंबर १८८३ ची भर घालेन.

तोपर्यंत अमेरिकेत प्रत्येक गावाची दुपार वेगळी. सूर्य डोक्यावर आला की बारा. रेल्वे कंपन्यांची पन्नासच्या आसपास वेगवेगळी घड्याळं होती. दोन कंपन्यांची गाडी एकाच स्टेशनात, पण वेळापत्रकं दोन घड्याळांवर. कॅनडात सँडफर्ड फ्लेमिंग जगभर एकसारख्या कालविभागांची मांडणी करत होता. इकडे रेल्वे कंपन्यांच्या संघटनेचा सचिव विल्यम ॲलन याने नकाशावर रेघा आखल्या आणि त्या रविवारी कंपन्यांनी आपणहून घड्याळं बदलली. न्यूयॉर्कची घड्याळं चार मिनिटं मागे गेली. पूर्वेकडच्या बऱ्याच गावांत त्या दिवशी बारा दोनदा वाजले. सरकारने हे कायद्यात आणलं १९१८ मध्ये. पस्तीस वर्षं देश रेल्वेच्या घड्याळावर चालला.

मुंबईकरांना हे परकं वाटू नये. आपल्याकडे रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि शहर बॉम्बे टाइमवर. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत जुनी वेळ पाळणारे १९५५ पर्यंत होते, एकोणचाळीस मिनिटं मागे. आजोबा सांगायचे, लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे कोणती वेळ ते लिहावं लागे.

दक्षिणमध्य

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, कुणी लिहिलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पाच फुटी गेज होतं, उत्तरेत चार फूट साडेआठ इंच. यादवी युद्ध संपून वीस वर्षं झाली तरी सीमेवर डब्यांची चाकं बदला किंवा माल उतरवून पुन्हा चढवा. शेवटी ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत सुमारे ११,५०० मैल रूळ सरकवले. एकच बाजूचा रूळ तीन इंच आत, म्हणजे चार फूट नऊ इंच. अर्ध्या इंचाचा फरक उरला, पण उत्तरेचे डबे त्यावर चालत.

आधी कित्येक आठवडे नव्या जागी आतले खिळे ठोकून ठेवले होते, जुन्या जागचे बरेचसे काढून मोजकेच ठेवले होते. ठरल्या दिवशी गाड्या बंद, मैलामैलावर टोळ्या, पहाटेपासून खिळे उपट, रूळ सरकव, पुन्हा ठोक. इंजिनांची आणि डब्यांची चाकंही तेवढ्यातच बदलत होते. मी गेज रूपांतराच्या कामावर होतो. एका छोट्या फाट्याला आम्हाला किती महिने लागले ते आठवून हा आकडा मी दोनदा वाचला. अर्थात आमच्याकडे नॅरोगेजचं ब्रॉडगेज, म्हणजे पूल, भराव, फलाट सगळंच नवं. तीन इंचांचं काम नव्हतं. तरीही.

टोरांटोकर

धाग्यात ‘उत्तर अमेरिका’ आहे म्हणून कॅनडाची बाजू.

ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये कॅनडात सामील झालं ते दहा वर्षांत रेल्वे मिळेल या अटीवर. रेल्वे झाली नसती तर आज देशाचा नकाशा वेगळा असता. शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ ला क्रेगेलाची इथे डोनाल्ड स्मिथने ठोकला. साधा लोखंडी खिळा, बँड नाही, पाहुण्यांची रांग नाही. पहिला खिळा त्याच्या घावाने वाकला, दुसरा घ्यावा लागला.

किकिंग हॉर्स पासमध्ये पैसे वाचवायला ४.५ टक्क्यांचा उतार ठेवला, म्हणजे बावीस फुटांना एक फूट. खाली येणारी गाडी हाताबाहेर गेली तर ती चढावर वळवायला जागोजागी आपल्या खंडाळ्याच्या कॅच सायडिंगसारखे फाटे ठेवले होते. १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात दोन गोल बोगदे काढले, वाट लांबवली आणि चढ निम्म्यावर आणला. लांब मालगाडी असली तर इंजिन वरच्या तोंडातून बाहेर पडतं तेव्हा शेपूट अजून खालच्या तोंडातून आत शिरत असते. मुलांना घेऊन तासभर थांबलो आणि ते दिसलं. त्या तासाचं सोनं झालं.

आणि ज्यांनी हे बांधलं ते? फ्रेझर नदीच्या दरीत १५,००० च्या वर चिनी मजूर होते. क्रेगेलाचीच्या प्रसिद्ध फोटोत एकही नाही. ज्या वर्षी रूळ पूर्ण झाले त्याच वर्षी, १८८५ मध्ये, देशात येणाऱ्या चिनी माणसावर ५० डॉलर डोईपट्टी बसली. १९०३ मध्ये ती ५०० झाली. सरकारने माफी मागितली २००६ मध्ये.

घाटवाट

टोरांटोकर, हेच अमेरिकेत. प्रोमोंटरीच्या अँड्र्यू रसेलच्या फोटोत इंजिनांवर चढून बाटल्या उंचावणारी माणसं आहेत, आणि ज्या टोळीने शेवटचे रूळ बसवले ते चिनी मजूर जवळजवळ दिसतच नाहीत. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाची दारं बंद करणारा कायदा आला. १९६९ च्या शताब्दी समारंभात केंद्रीय मंत्र्यांनी बोगदे खोदणाऱ्या अमेरिकनांचा गौरव केला आणि चिनी मजुरांचा उल्लेखही केला नाही. समोर चिनी वंशाचे लोक बसलेले होते. कामगार खात्याच्या सन्मानयादीत त्यांना जागा मिळाली २०१४ मध्ये.

मला सर्वांत जास्त लागतं ते आणखी एक. २८ एप्रिल १८६९ ला सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात दहा मैल आणि ५६ फूट रूळ टाकले. रूळ उचलणारे आठ आयरिश मजूर, प्रत्येकाच्या हातून त्या दिवशी सुमारे १२० टन लोखंड गेलं. त्या आठांची नावं नोंदलेली आहेत, आणि असायलाच हवीत. त्यांच्यासोबत राबणाऱ्या हजारो चिनी मजुरांची नाहीत. पगारपत्रकात टोळीच्या म्होरक्याचं नाव असायचं, बाकी सगळे त्याच्याखाली. ते घरी पत्रं पाठवत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अमेरिकेत आणि चीनमध्ये वर्षानुवर्षं शोध घेतला, त्या मजुरांपैकी कुणाचंही एक पत्र त्यांच्या हाती लागलं नाही.

आणि मग मला बोरघाट आठवतो. १८५६ ते १८६३, पंचवीस बोगदे, १,८३१ फुटांची चढण. जानेवारी १८६१ मध्ये त्या घाटात ४२,००० माणसं कामाला होती. पटकीने किती गेली. मजुरीवरून १८५९ मध्ये तिथेही दंगा झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम तडीला नेलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या ४२,००० मधलं एक तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? वाट दाखवणाऱ्या शिंगरोबाची आख्यायिका आणि त्याचं देऊळ आहे. तेवढंच.

लोकोशेड

घाटवाट, इथे थांबून पुन्हा वाचलं.

एक तांत्रिक दुवा देतो, कारण आपल्या रुळांवरही ते अमेरिकन घराणं वर्षानुवर्षं धावलं. डब्ल्यूपी वर्गाची पहिली वाफेची इंजिनं १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल्डविनकडून आली. डब्ल्यूडीएम-२ डिझेल १९६२ मध्ये स्केनेक्टडीच्या अल्कोकडून, पुढे १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. अल्को १९६९ मध्ये बंद पडली. तिची इंजिनं मात्र आपण त्यानंतरही कैक दशकं बनवत राहिलो. सोळा सिलिंडरचं ते धापा टाकणं ज्याने पुण्याच्या शेडजवळ ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको.

अबोली

मेक्सिको राहिलं! मेक्सिको सिटी ते व्हेराक्रूझ ही लाइन १ जानेवारी १८७३ ला सुरू झाली, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या वर. आणि एप्रिल २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्या, तेव्हा कॅनडा, अमेरिका, मेक्सिको हे तिन्ही देश पहिल्यांदा एकाच कंपनीच्या रुळांनी जोडले गेले.

पाऊलखुणा

प्रवासी म्हणून मला १ मे १९७१ ही तारीखही महत्त्वाची वाटते, त्या दिवशी ॲमट्रॅक, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय प्रवासी रेल्वे, सुरू झाली. तोवर मोटारी आणि विमानांनी प्रवासी पळवले होते आणि कंपन्यांना गाड्या नकोशा झाल्या होत्या. शिकागोहून निघणारी कॅलिफोर्निया झेफिर आजही सिएरा ओलांडते. घाटवाट, ती तुमच्या समिट टनेलमधूनच जाते का?

घाटवाट

नाही. जवळच्या दुसऱ्या, नंतरच्या बोगद्यातून जाते. जुन्या समिट टनेलमधले रूळ १९९३ मध्ये काढून टाकले. जुन्या हायवे ४० वरून वर पाहिलं की ‘चायना वॉल’ दिसते. दोन बोगद्यांमधली घळ भरून काढायला चिनी मजुरांनी दगडावर दगड रचून उभी केलेली भिंत. दीडशेहून अधिक वर्षं ती तशीच आहे.

पाथरवट

इथे फारसं लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमचं घराणं दगडफोडीचं. आजोबा सुरुंगाची भोकं पाडायचे. एकाने पहार धरायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचा. पहार धरणारा प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवतो, नाहीतर ती अडकते आणि भोक गोल राहत नाही. घण घालणाऱ्यापेक्षा धरणाऱ्याचं काळीज मोठं लागतं, त्याची नजर घणावर नसते, भोकावर असते. घावांना लय असते आणि ती चुकली की हात जातो. आजोबांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.

त्या डोंगरातही असंच करत असतील ना? आणि त्या भोकांच्या खुणा राहिल्या आहेत का?

घाटवाट

पाथरवट, अगदी असंच. तीन माणसांची टोळी, एक धरणारा, दोन घण घालणारे. आणि खुणा आहेत. मी बोगद्याच्या तोंडाशीच थांबलो होतो, पण बॅटरी मारली की आतल्या भिंतीवर दिसतात. सुरुंग उडाला की भोकाची एक बाजू फुटलेल्या दगडाबरोबर जाते आणि दुसरी कातळात राहते, उभी चिरलेल्या नळीसारखी. तशा अर्ध्या नळ्या आहेत, काही हातभर लांब. तोंडाशी होती तिच्यात मी बोट घालून पाहिलं. आतून गुळगुळीत आणि अगदी गोल आहे. कोणीतरी प्रत्येक घावाला पहार फिरवली होती.

फोटो रात्री चढवतो. आजोबांना दाखवता आले असते तर बरं झालं असतं.

पाथरवट

वडील आहेत. त्यांना दाखवतो.